घटाची माती

घट उगवला नाही, असा पहिला फोन चौथ्या माळेला आला. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मालन झेंडूच्या रोपांवर पाणी मारत होती. फोन ठाण्याहून, हरिहरचा. टेंभी नाक्याजवळ त्याचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे, आणि घटाच्या मातीच्या पिशव्या तो मालनच्या नर्सरीतून नेतो.

“काकू, यंदा माती कुठची दिलीत?” त्याने नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं.

“मागच्या वर्षी दिली तिथलीच. का रे?”

“बायका दुकानात येऊन तोंडाला येईल ते बोलतायत. कुणाचे गहू पिवळे पडून आडवे झालेत, कुणाचे नखाएवढे येऊन थांबलेत. एकीच्या घटात तर नुसती ओली माती. तिच्याकडे यंदा नवी सून आलीय. आता ती सासू तिला काय काय ऐकवत असेल, तुम्हीच समजा.”

“पाणी जास्त घातलं असेल रे त्यांनी,” मालन म्हणाली आणि फोन ठेवला. पाणी जास्त घातलेलं नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या घटातही कालपासून चार-दोन पिवळ्या काड्यांशिवाय काही नव्हतं. ती दोन दिवस तिकडे नीट बघतच नव्हती.

घटाचं तुम्हाला सांगायला नको. पत्रावळीवर माती, मातीत धान्य, वर कलश. नऊ दिवसांत जितकं दाट उगवेल तितकं वर्ष चांगलं. नाही उगवलं तर मोठ्याने कुणी काही म्हणत नाही, पण घरातल्या प्रत्येकाच्या मनात पाल चुकचुकते. आणि एकदा घट बसला की दसऱ्यापर्यंत तो कुणी हलवत नाही, मग त्यात काहीही होवो.

मालनने नळ बंद केला आणि ती नर्सरीच्या मागच्या टोकाला गेली. ठाकुर्लीला रुळांच्या बाजूला, खाडीकडे उतरणाऱ्या जमिनीवर त्यांची ही नर्सरी. मागच्या भिंतीला लागून पिवळ्या फुलांच्या झुडपांचा लांबच लांब वाफा होता. घटाची माती तिने ह्याच वाफ्यातून काढली होती. पूर्वी माती गावाकडच्या भातखाचरातून यायची. तिथे भराव पडला आणि ती माती संपली. मग मागच्या वर्षी तिचं लक्ष ह्या वाफ्याकडे गेलं. काळी, भुसभुशीत माती, आणि झुडपांखाली तणाची एक काडी नाही. किती साफ माती, म्हणून तिने चाळून पिशव्या भरल्या होत्या. तेव्हा झुडपं लहान होती, आणि घट थोडे विरळ का होईना, उगवले होते.

आता ती उकिडवी बसली आणि तिला स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षं मातीत हात घातलेल्या बाईला कळायला हवं होतं. जी माती दुसऱ्या कुणाला उगवूच देत नाही, तिला ती साफ म्हणाली होती.

झुडपं घाणेरीची होती. पण साधी घाणेरी नव्हे. तीन वर्षांपूर्वी तिचा मुलगा साईनाथ पुण्याच्या प्रदर्शनातून वीस रोपं घेऊन आला, तेव्हा मालनने त्याला दारातच अडवलं होतं. “घाणेरी माझ्या कुंपणाच्या आत येणार नाही,” ती म्हणाली होती. तिला कारणही तसंच होतं. शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या काठावर पाणवली हे तिचं सासरचं गाव. गावच्या गुरचरणात घाणेरी इतकी माजली होती, की गवताला जागा उरली नाही. एका उन्हाळ्यात भुकेली गुरं तिच्या पाल्याला लागली. मालनच्या गाईच्या नाकपुड्यांची कातडी सोलून निघाली. तिला उजेड सोसेना. अकरा दिवस ती गोठ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभी होती, आणि बाराव्या दिवशी मेली. शेजारच्या रंभाच्या दोन गाई गेल्या. त्यानंतर मालनने गावातल्या बायका गोळा केल्या आणि तीन हिवाळे खपून, एकेक मूळ खणून गुरचरण मोकळं केलं. त्यांच्या हातांवर ते ओरखडे अजून आहेत. “गुरचरण मालननं सोडवलं,” असं गावात आजही म्हणतात. नवरा गुणाजी गाय घेऊन गावातच राहतो, मालन नर्सरीसाठी इथे मुलाजवळ. पण कुणी विचारलं की आयुष्यात काय केलंस, तर ती गुरचरणाकडे बोट दाखवेल.

साईनाथने तेव्हा तिला समजावलं होतं. “आई, तू म्हणतेस ती रानटी. ही संकरातून काढलेली, बिनकाट्यांची, बिनबियांची. फुलं बारा महिने, पण फळ धरत नाही. फळ नाही तर पक्षी काय खाणार, आणि पसरणार कशी? फांदी लावली तरच वाढते. सोसायटीवाल्यांना कुंपणाला घाणेरीच हवी असते गं, पाणी लागत नाही, बकरी तोंड लावत नाही. त्यांनी रानटी लावण्यापेक्षा ही लावलेली बरी ना? डोंगराचंच भलं होईल.”

बोलणं चुकीचं नव्हतं. तरी मालनने एक वर्ष ती वीस रोपं वेगळी ठेवली. रोज फांद्या उचलून बघितलं. एक फळ धरलं नाही. मग तिचीही खात्री पटली आणि ती स्वतःच गिऱ्हाइकाला सांगू लागली. साईनाथने पाटी रंगवली : बी नाही, भीती नाही. लोक ‘वांझ घाणेरी’ म्हणायचे, मालनला तो शब्द आवडत नसे, ती ‘बिनबियांची’ म्हणायची. गुरचरण सोडवणाऱ्या मालनकाकूंचा शब्द होता, कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

उकिडव्या बसलेल्या मालनला आधी शिटा दिसल्या. जांभळट, भिंतीच्या कडेने. मग डोक्यावर बुलबुल बोलला. तिने खालची फांदी उचलली. आतल्या बाजूला, पानांच्या सावलीत, काळ्या मण्यांसारख्या फळांचा घोस होता. शेजारी दुसरा. तिने एक फळ बोटात चिरडलं आणि आतली बी अंगठ्याच्या नखावर घेतली. दगडासारखी घट्ट होती.

“साईनाथ,” तिने हाक मारली. तो आला, आणि तिच्या नखाकडे बघून थांबला. त्याला नवल वाटलं नाही, हे तिने टिपलं.

“तुला माहीत होतं?”

“आई, टेन्शन नको घेऊ. एखाद-दुसरं येतं.”

“कधीपासून?”

त्याने भिंतीपलीकडे बघितलं. तिथे रुळांच्या कडेला रानटी घाणेरी गुलाबी-पिवळी फुलली होती, आणि तिच्यावरची फुलपाखरं भिंत ओलांडून इकडे येत होती, इकडची तिकडे जात होती. “मागच्या पावसाळ्यापासून,” तो म्हणाला. “रानटी जवळ असली की थोडंफार फळ धरतं म्हणे. रोपं देताना सांगितलेलं प्रदर्शनवाल्यांनी, मीच लक्ष दिलं नाही. पण मी दिसलं की तोडून टाकायचो, खरंच.”

“कुठं टाकायचास?”

“तिथंच. खाली वाफ्यात.”

मालनने पायाखालच्या वाफ्याकडे बघितलं. मागच्या वर्षीची माती ह्याच वाफ्यातली होती. हरिहरला दिली, डोंबिवलीतल्या दुकानांना दिली, आणि गावाला तर तिने स्वतः नेऊन दिली होती, घरटी एक पिशवी, देवीचं काम म्हणून फुकट. पाणवलीत दसऱ्याला सगळ्या घरांचे घट एकाच जागी रिकामे करतात. गावदेवीच्या देवळामागे, गुरचरणात.

“आई, आता बोलू नकोस कुठं,” साईनाथ हळू आवाजात म्हणाला. “दसऱ्याला दोन हजार रोपांची गाडी जायचीय घोडबंदरच्या एका सोसायटीला, डोंगराच्या पायथ्याशी. तुझ्या शब्दावर घेतलीत त्यांनी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी औषध मारतो, फळं खुडतो, आपण निस्तरू सगळं.”

आता माणसाचं मन कसं असतं बघा. फोन हातात होता. गुणाजीला एक फोन लावायचा, देवळामागे जाऊन बघ म्हणायचं, दोन मिनिटांचं काम. पण गुणाजीला सांगितलं की रंभाला कळणार, रंभाला कळलं की गावाला. मालन घाणेरी घेऊन आली, आणि तीही देवीच्या मातीतून. ह्या विचारानेच तिने फोन ठेवून दिला. घटातल्या मूठभर मातीत काय उगवणार आहे, ती मनाशी म्हणाली. ऊन असतं, मुंग्या असतात, वर एवढं गवत असतं. चार दिवस ती हेच म्हणत राहिली. झेंडू विकत राहिली. हरिहरचे फोन येत राहिले आणि ती पाणी जास्त झालं म्हणून सांगत राहिली. तिच्या घटातल्या काड्याही एकेक करून माना टाकत होत्या, आणि सकाळी देवीपुढे हात जोडताना ती डोळे मिटूनच घ्यायची.

आठव्या माळेला संध्याकाळी गुणाजीचाच फोन आला.

“यंदा गावात घट विरळ आलेत गो,” तो म्हणाला. “बायका घाबरल्यात. पण देवीनं दुसरीकडून दिलं बघ. देवळामागं गुरचरणात फुलं आलीत, पिवळी धमक. पहिल्यांदाच आलीत. रंभा रोज त्याचीच माळ करते देवीला.”

“काटे आहेत का त्याला?” मालनने विचारलं.

“काटे? नाय. गुळगुळीत आहे. का?”

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी उठून तिने हरिहरला सगळं खरं सांगितलं. दसऱ्याला माती कुणी कुठे टाकू नये, परत आणून द्यायला सांग, मी भाजून टाकते. “काकू, पिशवी नेली ती माणसं मी ओळखतो का?” तो म्हणाला. “आणि देवीची माती भाजायची, हे मी कुणाच्या तोंडावर सांगू?” तिने नर्सरीच्या गेटला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली, आणि साईनाथला सांगितलं, गाडी भरायची नाही. तो ओरडला, मग रडकुंडीला आला. ती थांबली नाही.

शहाडहून रिक्षाने ती पाणवलीला उतरली ती थेट देवळात. रंभा पायरीवर बसून नववी माळ ओवत होती. परडीत पिवळ्या फुलांचे बारके झुबके. गाभाऱ्यात घटावर आठ माळा लोंबत होत्या, सगळ्या त्याच रंगाच्या, नर्सरीच्या वाफ्यातल्या रंगाच्या. खाली घटात मातीच जास्त दिसत होती.

“ये गो मालन,” रंभा म्हणाली. “देवीनं काय दिलंय बघ. घट रुसला, पण फुलं दिली. मी तर म्हटलं, तुझ्या मातीचाच गुण. जिथं मागच्या साली घट ओतलेले ना, बरोबर तिथंच आलीत.”

“ही फुलं देवीनं दिली नाहीत, रंभा. मी दिलीत,” मालन म्हणाली. “घाणेरी आहे ही.”

रंभा हसली. “घाणेरी मला शिकवतेस? तीन हिवाळे तुझ्या जोडीनं खणलीय. घाणेरीला काटे असतात, फूल रंगीबेरंगी असतं. ही बघ कशी नाजूक.”

“नर्सरीतली आहे. माझ्या मातीतून आली. उपटायला हवी, आजच. आणि उद्या कुणी घट इथं रिकामा करायचा नाही. माती भाजायची.”

रंभाचं हसू गेलं. तिने परडी मांडीवर ओढून घेतली. “नवरात्र चालू आहे,” ती म्हणाली. “पावसाळाभर राखलेलं गुरचरण उद्या नारळ फोडून गुरांना उघडायचं. त्याच्या आधी आत पाय ठेवायचा तो फुलापुरता. आणि तू देवीचं फूल उपटायची भाषा करतेस? घट का उगवले नाहीत ते कळतंय आता मला.”

मालन घरी गेली. खंडेनवमी होती. गुणाजीने विळे, कोयता, कुऱ्हाड, दोन कुदळी धुऊन पाटावर मांडल्या होत्या, हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूची फुलं ठेवली होती. मालनने त्यातली मोठी कुदळ उचलली. दांड्यावरचं फूल खाली पडलं.

“आज हत्यार उचलत नाहीत,” गुणाजी म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“मग?”

“देवळामागं घाणेरी आहे. मी आणलेली.”

गुणाजीने तिच्याकडे बघितलं. मग गोठ्याकडे बघितलं. गाय रवंथ करत उभी होती, पोटात सहा महिन्यांचं वासरू. त्याने दुसरी कुदळ उचलली.

गुरचरणात गवत कमरेएवढं होतं, हिरवं, दाट, नदीकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर सगळं एका बाजूला झुकणारं. मालनला ते बघून रडू आलं. देवळाच्या मागच्या भिंतीपासून पुढे गवतात ठिकठिकाणी गोल पिवळे डाग होते. जिथे जिथे एकेका घराने आपला घट रिकामा केला होता तिथे तिथे. रंभाचा, पाटलांचा, सुताराचा. आणि सगळ्यांत मोठं, छातीएवढं झुडूप होतं तिच्या आणि गुणाजीच्या घटाच्या जागी. आपल्या घराला तिने तेव्हा दोन पिशव्या दिल्या होत्या. झुडपांखाली जमीन उघडी होती, गवताची काडी नव्हती.

पहिली कुदळ घातली आणि मागून रंभाचा आवाज आला. ती धावत आली होती, तिच्या मागे आणखी दोघीतिघी. “थांब मालन, थांबतेस की नाय,” करत तिने कुदळीचा दांडाच धरला. मालनने दांडा सोडला. एक पान तोडलं, तळहातावर जोरात चोळलं, आणि हात रंभाच्या नाकापाशी नेला.

वास कमी होता, पण तोच होता. तीन हिवाळे त्यांच्या लुगड्यांना, केसांना, भाकरीलाही आलेला. रंभाने एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं. तिचे डोळे मोठे झाले. आपल्या हाताने घातलेल्या आठ माळा तिला आठवल्या असाव्यात. तिने दांडा मालनच्या हातात परत दिला आणि ती गवतातच खाली बसली.

“माझ्या गाई,” ती नुसतं एवढंच म्हणाली.

“मला जे बोलायचं ते बोल,” मालन म्हणाली. “उद्या गावासमोर बोल. पण आज हात लाव.”

रंभाने उठून पदर खोचला. मागच्या बायकांनीही खोचले. दुपारपर्यंत ती सगळी जणं खणत होती, मुळं ओढून ढीग करत होती. जमीन ओली होती, मुळं निघत होती. रोपं कोवळी आहेत, वर्षाचीच आहेत, लवकर कळलं म्हणायचं, असं मालनला वाटायला लागलं. पाच दिवसांत पहिल्यांदा तिने सरळ श्वास घेतला.

शेवटचं ते मोठं झुडूप. गुणाजीने बुंध्याशी कुदळ घातली, मालनने वरून फांद्या आवळून धरल्या. तेव्हा तिला आतल्या बाजूचे घोस दिसले. देठ होते. हिरवे, ताजे, तोडल्यासारखे बारके देठ, प्रत्येक फांदीला पंधरा-वीस. त्यांच्यावर एकही फळ नव्हतं. खाली जमिनीवरही नव्हतं. तिने गुडघ्यावर बसून पाला चाचपला, तरी नव्हतं.

“रंभा, ह्याची फळं कुठं गेली गो?”

“फळं? होती की,” रंभा घाम पुसत म्हणाली. “ह्याला होती, त्या पलीकडच्या चार-पाचांना होती. चौथ्या माळेला फुलं तोडायला आलेली ना मी, तेव्हा हिरवी होती. परवा काळी झाली, मण्यांसारखी. मग बुलबुल उतरले. एवढे बुलबुल मी जन्मात बघितले नव्हते. काल सांजेपर्यंत फस्त.” ती थांबली. “आम्ही म्हटलं, शकुन चांगला आहे.”

“चौथ्या माळेला हिरवी होती?”

“हिरवीगार. का गो?”

चौथ्या माळेला सकाळी फोन तिच्या हातात होता. गुणाजीने विळा घेऊन तासाभरात सगळं कापलं असतं, चुलीत घातलं असतं, आणि उद्या इथे बिनघोर नारळ फुटला असता. ती तिथेच मातीत बसून राहिली. गुणाजी कुदळ टेकवून तिच्याकडे बघत होता, पण तिला त्याच्याकडे बघवेना.

“आणि ते गेले कुठं?” तिने विचारलं.

“कोण?”

“बुलबुल.”

रंभाने हात वर केला. आधी तो नदीपलीकडच्या शेतांकडे केला, मग डोंगराकडे, मग शहाडच्या बाजूला, आणि तसाच फिरवत फिरवत पुन्हा गुरचरणाकडे आणला.